धाकट्या भाषेचा मान

नकाशावर रेषा ओढली की राज्याची सीमा ठरते. पण राष्ट्र तेवढ्याने निर्माण होत नाही. सीमेच्या आत राहणाऱ्या माणसांना ‘आपण सारे एक आहोत’ असे मनापासून वाटू लागते, तेव्हाच राष्ट्र जन्मास येते. हे वाटणे कोठून येते? वंश एक, धर्म एक आणि मातृभाषा एक असल्यावाचून ते येऊच शकत नाही, असे काही लोक मानतात. त्यांचे म्हणणे खरे असते, तर इंडोनेशिया नावाचे राष्ट्र कधी अस्तित्वातच आले नसते.

आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या सागरात सतरा हजारांहून अधिक बेटे विखुरलेली आहेत. त्यांच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंतचे अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. येथे सातशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. त्यांच्या शेजारी ख्रिस्ती, हिंदू आणि बौद्ध नांदतात. जावा बेटावरील छायानाट्यांत रामायण-महाभारतातील कथा आजही रंगतात.

या बेटांना एका सत्तेखाली आणले ते डचांनी, म्हणजे वलंदेजांनी. १६०२ मध्ये स्थापन झालेली त्यांची व्यापारी कंपनी मसाल्यांच्या लोभाने तेथे आली. १६१९ मध्ये तिने बटाव्हिया हे ठाणे वसवले. तेच आजचे जकार्ता. पुढे १७९९ मध्ये कंपनी मोडली आणि तिचा मुलूख डच सरकारकडे गेला. १८३० पासून जावातील खेड्यांवर नवी सक्ती आली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारला हव्या असलेल्या ऊस, कॉफी, नीळ अशा पिकांसाठी राखून ठेवावा, असा नियम झाला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहूनही अधिक जमीन आणि श्रम हिरावले गेले. घाम जावाच्या शेतकऱ्याचा गळत होता आणि तिजोरी हॉलंडची भरत होती.

या जुलमाविरुद्ध लोक लढले नाहीत असे नाही. १८२५ ते १८३० पर्यंत राजपुत्र दिपोनेगोरो जावात झुंजला. १८७३ पासून सुमात्राच्या उत्तरेकडील आचेच्या लोकांनी कित्येक वर्षे डचांना दाद दिली नाही. त्यांचे शौर्य असामान्य होते. परंतु जावाचा लढा जावाचा होता आणि आचेचा लढा आचेचा. दुःख सर्वांचे सारखे होते, पण ते सर्वांचे मिळून एक आहे ही जाणीव अजून उमललेली नव्हती.

ती जाणीव रणांगणापेक्षा शाळेच्या बाकावर अधिक लवकर उमलली. विसाव्या शतकाच्या आरंभी डचांनी स्थानिक मुलांसाठी थोड्या शाळा आणि विद्यालये काढली. निरनिराळ्या बेटांवरची मुले तेथे एकत्र आली. १९०८ मध्ये बटाव्हियाच्या वैद्यकीय विद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘बुडी उतोमो’ ही संस्था स्थापन केली. १९१३ मध्ये एक मोठा विपरीत प्रसंग घडला. नेपोलियनच्या फ्रान्सपासून आपला देश मुक्त झाल्याची शताब्दी डचांनी या वसाहतीतही साजरी करावयाचे ठरवले आणि त्यासाठी येथील लोकांकडूनही वर्गणी मागितली! सुवार्दी सूर्यनिंग्रत या तरुणाने तेव्हा एक उपरोधिक लेख लिहिला. आपण डच असतो, तर ज्यांचे स्वातंत्र्य आपणच हिरावले आहे, त्यांच्या घरी स्वातंत्र्याचा उत्सव करावयास धजलो नसतो, असा त्याचा आशय होता. या लेखापायी त्यांना हद्दपारी भोगावी लागली. परत आल्यावर १९२२ मध्ये त्यांनी योग्यकर्ता येथे ‘तामान सिस्वा’, म्हणजे विद्यार्थ्यांचे उद्यान, ही राष्ट्रीय शाळा काढली. राजघराण्यातील नाव टाकून त्यांनी की हजर देवांतारा हे साधे नाव घेतले. त्यांचा जन्मदिवस, २ मे, हा तेथे शिक्षणदिन म्हणून पाळला जातो.

पुढे २७ व २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात तरुणांची परिषद भरली. जावा, सुमात्रा, सुलावेसी, अंबोन अशा अनेक बेटांवरचे तरुण तेथे जमले होते. त्यांनी प्रतिज्ञा घेतली : आपली मातृभूमी एक, आपले राष्ट्र एक, आणि आपल्या ऐक्याची भाषा ती इंडोनेशियन भाषा. ही भाषा म्हणजे बंदराबंदरांतून व्यापारी बोलत असत त्या मलय भाषेचेच नवे रूप होते. परिषदेतील कित्येकांना तिच्यापेक्षा डच भाषाच अधिक सराईतपणे येत होती.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. त्या बेटांत सर्वांत मोठा समाज जावानीजांचा. त्यांची भाषा प्राचीन आणि तिचे साहित्य संपन्न. मलय ही मातृभाषा असणारे लोक त्या मानाने फारच थोडे. असे असूनही जावाच्या तरुणांनी आपल्या भाषेचा आग्रह धरला नाही. मलय शिकावयास सोपी होती आणि बाजारात सर्वत्र चालत होती, म्हणून ती निवडली गेली, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. शिवाय जावानीज भाषेत समोरच्या माणसाच्या दर्जाप्रमाणे शब्दच बदलावे लागतात. समानतेच्या चळवळीला ते अडचणीचे होते. परंतु सोय दिसत असूनही केवळ अभिमानापोटी ती नाकारणारे लोक जगात थोडे नाहीत. मोठ्याने धाकट्याला मान दिला, म्हणून कोणासही आपण जिंकले गेलो असे वाटले नाही. आणि त्या प्रतिज्ञेने इतर भाषा सोडा असेही सांगितले नाही. घरी आईची भाषा आणि चव्हाट्यावर सर्वांची भाषा, अशी ती योजना होती.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. डच पुन्हा सैन्य घेऊन आले. पण आता त्यांच्यापुढे एकेकटी बेटे नव्हती, एक राष्ट्र होते. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत अनेक देशांची परिषद बोलावून त्या राष्ट्राची बाजू जगापुढे मांडली. त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरला डचांनी सत्ता सोडली.

मात्र या कथेला दुसरी बाजूही आहे. १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर सैन्य धाडले आणि तो प्रदेश बळाने आपल्यात सामील केला. चोवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, तेथील जनतेला मत विचारले गेले, तेव्हा तिने मोठ्या बहुमताने वेगळे होण्याचा कौल दिला. २००२ मध्ये तो स्वतंत्र देश झाला. याच्या उलट, आचेमध्ये अनेक वर्षे चाललेला रक्तपात २००५ च्या समझोत्याने थांबला. आचेला अधिक अधिकार मिळाले आणि तो इंडोनेशियातच राहिला. जेथे बंदूक बोलली तेथे नाते तुटले आणि जेथे समजूत बोलली तेथे ते टिकले.

राष्ट्र म्हणजे एकदा बांधून पूर्ण झालेली इमारत नव्हे. ते घर रोज झाडावे, सारवावे लागते. परक्या सत्तेविरुद्धचा राग माणसांना काही काळ एकत्र आणतो. पण तो राग ओसरल्यावर त्यांना एकत्र ठेवते ती परस्परांविषयीची आस्था. जे संख्येने मोठे असतात, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक असते. अनेक भाषांच्या आणि अनेक धर्मांच्या कोणत्याही देशाने, आणि एकाच वर्गात निरनिराळ्या घरांतून येऊन बसणाऱ्या मुलांनीही, १९२८ च्या त्या तरुणांची आठवण ठेवावी. आपलेच खरे करणाऱ्याला फार तर विजय मिळतो. दुसऱ्यासाठी जागा करून देणाऱ्याला सोबती मिळतात, आणि सोबत्यांवाचून राष्ट्र उभे राहत नाही.