बस्त्याच्या दिवशी दोन तास राजधानीला

तुळशीचं लग्न लागलं की नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. भंडारा, वर्धा, उमरेड, काटोल, गोंदिया, पलीकडून छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, सगळीकडची लग्नघरं बस्ता बांधायला इथंच येतात. सकाळी गाडी भरून यायचं, दिवसभर साड्या उलगडायच्या, संध्याकाळी गठ्ठे टपावर बांधून परत फिरायचं. आजीचा बस्ता इथलाच, आईचाही इथलाच, आता मुलीचाही इथूनच. या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बस्त्याच्या दिवशी दोन तास जास्तीचे घेऊन या आणि ज्या शहरात तुम्ही उभे आहात, ते पायी पाहा.

हे शहर राजधानी होतं. मधली काही वर्षं सोडली, तर जवळजवळ अडीचशे वर्षं होतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा खेड्यांची मोट बांधून ते वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने इथं राजधानी आणली, तट बांधला, वेशी उभ्या केल्या, जुम्मा तलाव बांधला. पुढे गोंड राजघराण्यात वारशाचं भांडण लागलं, मदतीला रघूजी भोसले आले आणि 1740 च्या दशकात नागपूर भोसल्यांचं झालं. त्यांचा अंमल पार कटकपर्यंत पोचला. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले. तिसरे रघूजी 1853 मध्ये वारस न ठेवता गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी पुन्हा नागपूरच. स्वातंत्र्यानंतर त्याच प्रांताला मध्य प्रदेश नाव मिळालं, तेव्हाही मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल इथंच बसायचे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. आपल्याकडे उरलं ते नागपूर कराराप्रमाणे होणारं विधिमंडळाचं अधिवेशन आणि उपराजधानी हे बिरुद.

अशी वेळ जगात दुसऱ्यांवरही आली. ब्राझीलने 21 एप्रिल 1960 ला आपली राजधानी रिओ द जानेरोहून नव्या ब्राझिलियाला नेली. महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच्या बरोबर दहा दिवस आधी. पण म्हणून रिओला जाणं कुणी सोडलं नाही. बोलिव्हियात तर संविधानाप्रमाणे राजधानी सुक्रे आहे, सरकार आणि संसद मात्र ला पाझमध्ये. प्रवासी दोन्ही शहरं पाहतात. राजधानीचा मान कागदावर राहिला की गेला, यावर शहराचं पाहण्यासारखेपण ठरत नाही.

आपल्याकडची सुखवस्तू कुटुंबं आता दक्षिण अमेरिकेच्या सहलीलाही जातात. चांगली गोष्ट आहे, जरूर जावं. तिथल्या राजधान्यांत पाहुण्याला पहिल्याच दिवशी जुन्या शहरात नेतात. एक्वादोरची राजधानी क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटर उंचीवर आहे, चार पावलं चढलं की धाप लागते, तरीही लोक तिथल्या जुन्या गल्ल्या पायीच पाहतात. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी काढली, त्यात क्विटोचं जुनं शहर होतं. कोलंबियाच्या बोगोटात 1974 पासून रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे करून देतात. पेरूची राजधानी लिमा लाकडी कोरीव सज्जांसाठी प्रसिद्ध आहे. ते सज्जे किडत, कोसळत चालले होते. 1990 च्या दशकात तिथले महापौर आल्बेर्तो आंद्रादे यांनी संस्थांना आणि धनिकांना आवाहन केलं, एकेक सज्जा दत्तक घ्या आणि दुरुस्त करून द्या. लोकांनी घेतले.

लिमाचा सज्जा डोळे भरून पाहून आलेल्या माणसाने आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचा सज्जाही एकदा मान वर करून पाहावा. तेवढ्यासाठी तिकीट काढावं लागत नाही.

आता कसं यायचं ते सांगतो. गाडी शक्यतो आणू नका. गांधीबागेत गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, त्यात अर्धा महाल पाहून होतो. बसने किंवा रेल्वेने आलात तर मेट्रो धरा. अॅक्वा लाइनचा सेंट्रल अॅव्हेन्यूवरून जाणारा भाग 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. नागपूर रेल्वे स्टेशनपासून दुसरं स्टेशन अग्रसेन चौक, तिसरं चितार ओळी. दोन्हींपैकी कुठेही उतरलात तरी बाजार पायाशी आहे. कपड्यांचं ओझं झाल्यावर मेट्रो नको वाटली, तर परतीला ऑटो करा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला निवडा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन या गल्ल्यांतून हिंडणं योग्य नाही. उन्हाळ्यातलंच लग्न असेल तर पायी फिरणं सकाळी नऊच्या आत उरका. रविवारी येणार असाल तर दुकानात आधी फोन करून विचारून घ्या.

सकाळी लवकर पोचलात तर दुकानं उघडायची असतात. तोच वेळ महालाला द्या. आधी पोटाचं बघा. टपरीवर तर्री पोहे घ्या, वर कच्चा कांदा आणि लिंबू मागून घ्या. मग गांधी गेटकडे चालू लागा, सावकाश गेलात तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात. हा दरवाजा पूर्वीचा जुम्मा दरवाजा. तटाची भिंत गेली, दरवाजा राहिला, शेजारी शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. जुम्मा तलावाचं नाव आता गांधीसागर आहे. 1920 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि असहकाराच्या ठरावावर इथंच शिक्कामोर्तब झालं, हे ठाऊक असलं की या शहरात गांधींचं नाव पावलोपावली का भेटतं ते उमगतं.

गेटच्या आत शिरलात की तुम्ही भोसल्यांच्या राजधानीत आहात. बडकस चौक, केळीबाग रस्ता, कोतवाली, चिटणवीसांचा वाडा, रुक्मिणीचं देऊळ, कल्याणेश्वर. काळ्या दगडाचा आणि नक्षीदार लाकडाचा राजवाडा 1864 च्या आगीत जळाला, त्यातून मोठा दरवाजा तेवढा वाचला. भोसल्यांचे वंशज आजही महालात राहतात. ते त्यांचं राहतं घर आहे, बाहेरूनच पाहा. कुठल्याही वाड्यात न विचारता शिरू नका, ओसरीवर बसलेल्या माणसाला नमस्कार करून विचारा. वेळ असेल तर लोक आत बोलावतात आणि खांबावरची नक्षी हात लावून दाखवतात. केळीबाग रस्ता रुंद करताना जुनी बांधकामं पाडली गेली. रस्ता हवाच होता, मला त्याचं वावडं नाही. पण जे उरलंय ते किती काळ उरेल याचा भरवसा नाही, म्हणून यंदाच्याच बस्त्याला बघून घ्या, असं म्हणतो.

अकराच्या सुमारास गांधीबागेत परत या. तोवर दुकानांत गाद्यांवर पांढऱ्या चादरी अंथरून झालेल्या असतात. चप्पल बाहेर काढून मांडी घालून बसा, घाई करू नका. घडी घातलेली साडी विक्रेता एका हाताने पदराकडून धरतो, मनगटाला एक झटका देतो आणि सहावार कापड थेट तुमच्या गुडघ्यापर्यंत पसरतं. काठ वर, पदर तुमच्याकडे, एकही चुणी नाही. दिवसाकाठी अशा शेकडो साड्या तो उलगडतो आणि तुम्ही नको म्हणालात की न पाहता त्याच घडीवर परत मिटवतो. या हातांकडे जरूर पाहा. आधी नवरीचा शालू, मग मानाच्या साड्या, मग अहेराचा ढीग, टॉवेल-टोप्या, शेले, हा क्रम त्याला तुमच्यापेक्षा चांगला पाठ असतो. वऱ्हाडी माणसाशी तो वऱ्हाडीत बोलतो, गोंदियाच्या पाहुण्याशी हिंदीत, मालकाशी मारवाडीत. भाव करायचा तर करा, पण घाऊकच्या पेढीवर जाऊन दोन साड्यांसाठी तासभर घासाघीस करू नका. तिथं ताके आणि गठ्ठे विकले जातात, किरकोळीची दुकानं वेगळी आहेत.

गल्लीत चालताना हमालाला आधी वाट द्या. त्याच्या हातगाडीवर कापडाच्या गाठी डोक्याच्या वर रचलेल्या असतात, समोरचं त्याला दिसत नाही, थांबायला जमत नाही. ‘बाजूऽ’ अशी हाक आली की फोटो काढत उभे राहू नका, दुकानाच्या पायरीवर चढा.

इथंच कापड का, हा प्रश्न लेकरांनी विचारला तर त्यांना सांगायला पुष्कळ आहे. जुन्या नागपुरात कोष्ट्यांचे हातमाग होते, रेशीमकाठी साड्या आणि धोतरं इथून लांबवर जायची. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं, त्यावरून मिलचं नाव पडलं. मुंबई सोडून टाटा इथं आले, कारण कापूस दाराशी पिकत होता. मिलच्या कापडापुढे हातमागाचा निभाव लागणं अवघड झालं, आणि पुढे मिलही बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. आता गांधीबागेत माल येतो तो सुरत, अहमदाबाद, भिवंडी, इचलकरंजीहून. वऱ्हाडातला कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत इथं येतो. शेतकऱ्याच्या घरच्या बस्त्याला हे कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बस्ता आटोपला आणि अंगात त्राण उरलं, तर चितार ओळीत जा. दोन्हीकडे मूर्तिकारांची घरं आणि कारखाने आहेत. पोळ्याच्या आधी इथं मारबती आणि बडग्यांची गडबड असते, मग गणपती, मग देवी. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, या भागातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून निघते, असं इथले लोक सांगतात. काळी मारबत लोक भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतात, तिने इंग्रजांशी हातमिळवणी केली हा त्यांचा राग. बडगे मात्र दरवर्षी नवे: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी ज्याचा संताप आला असेल त्याचा पुतळा. मिरवणुकीने इडा-पीडा गावाबाहेर नेऊन जाळायची. मिरवणुकीला यायचं असेल तर सकाळीच या, इतवारीतल्या नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबतींची भेट होते, तिथं गर्दीत लहान मुलांना खांद्यावर घ्या. दागिने घालून येऊ नका.

चितार ओळीत कारागीर डोळे रेखत असेल, तर त्या वेळी त्याच्याशी बोलू नका. आधी विचारून मग फोटो काढा. नाही म्हणाला तर नाही.

अधिवेशनासाठी मुंबईहून येणाऱ्यांनी, ताडोबा-पेंचचे वाघ पाहायला येणाऱ्यांनी आणि दीक्षाभूमीवर माथा टेकायला येणाऱ्यांनीही अर्धा दिवस इकडे वळावं. नागपूरकरांनी पाहुण्याला मॉल दाखवायच्या आधी गांधी गेट दाखवावं. आणि ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांना एकट्याने दुरुस्तीचा खर्च झेपत नाही, हे ओळखून गावातल्या पेढ्यांनी, लिमाच्या लोकांनी केलं तसं, एकेक सज्जा, एकेक दरवाजा अंगावर घ्यावा. एका मोठ्या लग्नाच्या मांडवाच्या खर्चात तेवढी दुरुस्ती होण्यासारखी आहे.

शेवटचं मागणं गांधीबागेतल्या दुकानदार बंधूंना. तुमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका असतात. पहाटे गावातून निघालेल्या, सोबत म्हातारी सासू, कडेवर लेकरू. दिवसभर बाजारात फिरायचं म्हणून त्या पाणी प्यायचं टाळतात, कारण जायची सोय कुठं आहे हे त्यांना ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. असोसिएशनने मिळून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बाजाराचा एक मोठा नकाशा लावावा, त्यावर बायकांचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि बसायची जागा ठळक दाखवावी, आणि गांधी गेटची वाटही दाखवावी. तो लागेपर्यंत आपल्या दुकानातलं स्वच्छतागृह येणाऱ्या प्रत्येक बाईला वापरू द्या, तिने खरेदी केली असो वा नसो, आणि तसं दारावर मराठी-हिंदीत लिहून ठेवा.