फुलबाजींतील भूगोल

खनिजांचें प्रकरण निघालें कीं आमचे विद्यार्थी झरिया, बैलाडिला हीं नांवें घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु आपल्या गांवीं कोणतीं खनिजें हाताळलीं जातात, असें विचारतांच वर्ग गप्प बसतो. वाशी तालुक्यांतील तेरखेडा शोभेच्या दारूच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील मुलांस भूगोल शिकवावयाचा तर तो व्हेसूव्हियसच्या चित्रापासून नव्हे, फुलबाजीपासून आरंभावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

फुलबाजीची शुभ्र ठिणगी अॅल्युमिनियमची. तो निघतो बॉक्साइटपासून, आणि कोल्हापूरकडील डोंगरमाथ्यांवरचा बॉक्साइट म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाचा, लक्षावधि वर्षांच्या पावसानें झिजून राहिलेला अवशेष होय. हिरवी ज्योत बेरियमची. त्याचें खनिज बराइट आंध्रांत मंगमपेट येथें विपुल आहे. (या क्षारांस सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं फटाक्यांत मनाई केली.) सोरा एके काळीं बिहारांतील मातींतून निघे व इंग्रज आणि डच व्यापारी तो जहाजें भरून नेत.

गंधकाची गोष्ट मात्र विशेष आहे. ज्वालामुखीच्या मुखाशीं तप्त वायु निवतात, तेथें पिवळे स्फटिक जमतात. सिसिली बेटानें युरोपास दीर्घकाळ गंधक पुरविला. आज तो बहुतांशीं खनिज तेल व वायु शुद्ध करतांना मिळतो. येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "गुरुजी, आपलें पठारही ज्वालामुखीचेंच ना? मग गंधक कोठें आहे?" प्रश्न उत्तम आहे. सुमारे ६.६ कोटि वर्षांपूर्वीं भूमीस लांबच लांब भेगा पडून शिलारसाचे थर एकावर एक पसरले; त्यांतील गंधक बहुतेक वायुरूपानें आकाशांत गेला. मागें राहिला तो काळा पाषाण. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस शास्त्रज्ञांनीं खोल छिद्र पाडून पाहिलें, तेव्हां त्याची जाडी ३३८ मीटर भरली! त्याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली. ती ज्वारी पिकविते. दारूकामाचीं खनिजें मात्र सारीं बाहेरूनच आणावीं लागतात.

पालक म्हणतील, एवढें कळून पोरास काय मिळणार? पालकहो, गोण्यांतील पांढऱ्या भुकट्या दिसावयास सारख्याच असतात, परंतु त्यांचे स्वभाव सारखे नसतात. क्लोरेट व गंधक एकत्र आले तर नुसत्या घर्षणानें पेट घेतात. म्हणूनच सरकारनें १९९२ सालीं त्या मिश्रणास बंदी केली. हें शहाणपण ज्या घरांतील माणसें दारूकामावर जातात त्या घरांत पोहोंचलें पाहिजे, आणि तें पोहोंचविण्यास शाळेंत जाणाऱ्या मुलापेक्षां जवळचा दूत कोण? मुलांनीं कारखान्यांत पाऊल टाकूं नये, हें आम्ही बजावून सांगतों. मोठ्यांनीं गोणीवरील नांव वाचून घरीं सांगावें, मुलांनीं तें वहींत लिहावें, आणि शिक्षकांनीं तो पदार्थ कोठला, कसा, कशाशीं वैर धरणारा, हें समजावून द्यावें.

मग भारताचा एक कोरा नकाशा भिंतीस लावून प्रत्येक खनिजाच्या स्थानापासून तेरखेड्यापर्यंत रेघ ओढावी. अशा छापील नकाशावर तेरखेडा बहुधा नसतेंच; तें टिंब मुलांनीं आपल्या हातानें काढावें.