डेमो बघून आईला ठेवू नका

वृद्धाश्रम बघायला आपण फोन करून जातो. मग दिसणार काय? डेमोच! क्लायंटला आपण दाखवतो तसाच.

इंग्लंडात केअर क्वालिटी कमिशनचे लोक बऱ्याचदा न सांगता येतात आणि त्यांनी दिलेली श्रेणी २०१५ पासून दर्शनी भागात लावावीच लागते. आपल्याकडे? अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची करू पाहणारं २०१९ चं केंद्राचं विधेयक २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं.

म्हणजे टेस्टिंग आपल्याच गळ्यात. रविवारी संध्याकाळी न कळवता जा. रात्रपाळीला किती माणसं असतात ते विचारा. संडासात धरायला दांडा आहे का, बेल वाजवल्यावर कोणी येतं का, बघा. आत सोडत नाहीत? मग उत्तर मिळालं की राव!