ओढतो किती ते विचारतो, थांबवतो किती ते कोण विचारणार?

आठ-दहा दिवसांत आमच्याकडं उसाची तोड सुरू होईल, म्हणून आज खत-पाणी बाजूला ठेवून वेगळं लिहितोय.

गेल्या हंगामात माझ्याच उसाची डबल ट्रॉली ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टरला ढकलत घेऊन गेली. ट्रॅक्टर आडवा झाला, पुढची ट्रॉली त्याच्यावर चढली. ड्रायव्हर उडी मारून वाचला, पण पाय मोडला. गावानं तासाभरात निकाल दिला: डुलकी लागली असणार, नाहीतर टेप मोठा लावला असणार. दवाखान्यात तो मला एवढंच म्हणाला, "आण्णा, ब्रेक लागला हुता. गाडी थांबंना." खरं सांगतो, तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

पटलं ते पोरीच्या पुस्तकामुळं. ती नववीत आहे, विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. जडत्व, संवेग, घर्षण. ती उदाहरणं सोडवत बसली होती, म्हणलं आपल्या ट्रॅक्टरचं एक करून दाव. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "पप्पा, ब्रेक कुठल्या चाकांना असतो?"

बघा, तिथंच सगळं आलं. ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांची आठ चाकं नुसती फिरणारी.

आता आकडे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर अडीच टन धरा. एका ट्रॉलीचं स्वतःचं वजन २ टन आणि ऊस १० टन, अशा दोन. सगळं मिळून साडेसव्वीस टन. ब्रेक मारल्यावर गाडीला धरून ठेवतं ते मागच्या टायरचं रस्त्याशी घर्षण, आणि ते त्या चाकांवर जेवढं वजन असेल त्याच्या हिशोबात मिळतं. मागच्या चाकांवर २ टन असतील, तर कोरड्या डांबरावर फार तर सव्वा टनाची पकड. (बल न्यूटनमध्ये मोजतात हे ठाऊक आहे, पण आपण टनातच बोलू.)

नुसता ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चालला असेल तर या पकडीवर ३ मीटरमध्ये थांबतो. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या असतील तर ३३ मीटर लागतात. टायरच्या रेट्यानं त्यातलं थोडं कमी होईल, पण पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद साडेपाच मीटर खातो. वेग ३० केला तर अंतर ७५ मीटरवर जातं. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. हे सगळं सपाट, कोरड्या रस्त्यावर. आपला रस्ता कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे: रानातनं चाकाला आलेला चिखल, सांडलेलं पाचट, पहाटेचं दव.

आणि उतार. आमच्या ओढ्याला साधारण १० फुटांना १ फूट उतार आहे. तिथं साडेसव्वीस टनांची गाडी खाली ओढली जाते ती अडीच टनांहून जास्त जोरानं. पकड सव्वा टनाची. ब्रेक किती का कडक असेना, चाकं जाम होतील आणि गाडी घसरत जाईल. जरा वळण आलं की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला कडेनं ढकलते आणि तो आडवा होतो. म्हणजे ड्रायव्हर खरं बोलत होता. गाडी थांबण्यासारखी नव्हतीच.

यावर ‘मोठा ट्रॅक्टर घ्या’ म्हणणारे भेटतात. एचपी ओढायला कामाला येतो. उतारावर कमी गेअर टाकलाच पाहिजे, पण इंजिनाचा रोधसुद्धा त्याच मागच्या दोन टायरांतनं रस्त्याला पोचतो. पकड संपली की गेअरही संपला. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. आणि नांगरताना वळण्यासाठी सुटे केलेले दोन ब्रेक पॅडल रस्त्यावर येताना खिट्टी लावून जोडत नसाल, तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर फिरतो.

माझं मत स्पष्ट आहे. जे वजन ढकलतं, त्याच वजनाखालच्या चाकांना ब्रेक पाहिजे. ट्रॉलीच्या एकाच आसाला ब्रेक असला तरी तिचं निम्मं वजन पकडीला येतं. ट्रॉलीनं ढकललं की आपोआप दाबला जाणारा ब्रेकही बसवता येतो. ट्रॉलीवाला म्हणतो, खर्च कोण देणार? प्रश्न बरोबर आहे. त्याला पैसे टनावर मिळतात, ट्रॉलीचा हप्ता डोक्यावर असतो. म्हणून तो कमी भरणार नाही, आणि आपणही भरू देतो. त्या दिवशी फडात उभा राहून "अजून दहा-बारा मोळ्या टाका, एवढ्यासाठी वेगळी खेप नको" असं मीच सांगितलं होतं. हे गावात कुणाला बोललो नव्हतो.

यंदा ट्रॉलीमालकाशी बसून ठरवलंय. ब्रेक बसवायचा निम्मा खर्च माझा. या हंगामात तो बसला नाही तर एक ट्रॉली सपाटीवर चाकाला दगड लावून सोडायची, एकेक करून ओढा उतरवायची, तीही आठ टनांच्या वर भरायची नाही. तेवढ्यावर सव्वा टनाची ओढ आणि सव्वा टनाची पकड बरोबरीत येते, वर टायरचा रेटा. तरी काठावरच आहे, म्हणून उतारावर पहिला गेअर. खेपेमागं अर्धा तास जास्त जाईल, डिझेल मी घालणार आहे.

ड्रायव्हर तोच आहे. पायात सळई आहे, क्लच दाबताना दुखतं म्हणतो.