आरोग्यविचार : खुब्याच्या कृत्रिम सांध्याची मूक झीज

आमच्या थोरल्या काकूंचा खुब्याचा सांधा बदलून यंदा चौदा वर्षें झालीं. देवपूजा, अंगणांतील फेऱ्या, सारें यथास्थित चाललें आहे. मीं तपासणीची गोष्ट काढतांच त्या म्हणाल्या, “अरे, दुखत नाहीं तर डॉक्टरकडे कशाला जायचें?” हा प्रश्न पुष्कळ घरांतून ऐकूं येतो, म्हणून त्याचा विचार येथें करूं.

कृत्रिम सांध्यांत मांडीच्या हाडांत बसविलेला गोळा कमरेच्या हाडांतील वाटींत फिरतो. जेथें घर्षण आहे तेथें झीज आहे. इंग्लंडांत राइटिंग्टन येथील रुग्णालयांत जॉन चार्नली ह्यांनीं प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या बसविल्या. रोगी आनंदानें चालूं लागले. परंतु थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या, आणि अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पुढें त्यांचे साहाय्यक हॅरी क्रेव्हन ह्यांनीं पॉलिएथिलीनचा एक कठीण प्रकार यंत्रावर घासून पाहिला. त्याची झीज फारच अल्प आढळली, व १९६२ च्या नोव्हेंबरपासून चार्नली तो वापरूं लागले. ह्या दोन्ही पदार्थांचे तुकडे त्यांनीं स्वतःच्या मांडींत घालून परीक्षा केली होती, हें विशेष!

तथापि हा पदार्थहि अगदीं अक्षय नाहीं. त्याचे सूक्ष्म कण सुटतात. शरीरांतील रक्षक पेशी ते गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्यांच्या क्षोभानें हाड खाणाऱ्या पेशी चेततात आणि सांध्याभोंवतालचें हाड पोखरूं लागतें. हें सर्व बहुधा वेदनेवांचून चालतें. सांधा सैल झाल्यावरच जांघेंत किंवा मांडींत दुखूं लागतें. पण तोंवर हाड गेलेलें असतें व दुसरी शस्त्रक्रिया अवघड होते. क्ष-किरणांच्या चित्रांत मात्र ही पोकळी आधीं दिसूं शकते.

म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें शंभरांपैकीं सुमारें ५८ सांधे २५ वर्षें टिकतात. हल्लींचीं अस्तरें तर पूर्वींपेक्षां पुष्कळच कमी झिजतात.

दुसरी गोष्ट कागदांची. २०१० च्या ऑगस्टमध्यें डेप्यू कंपनीनें आपला एएसआर नांवाचा, धातूवर धातु घासणारा सांधा परत मागविला. त्याच्या झिजेनें कोबाल्ट व क्रोमियम रक्तांत उतरत होते. भारतांत असे सांधे सुमारें ४,७०० रोग्यांना बसविले होते. २०१८ सालीं सरकारी समितीचा अहवाल बाहेर आला, तेव्हांहि त्यांपैकीं हजारों लोकांचा पत्ता लागला नव्हता. आपल्या शरीरांत कोणता सांधा आहे हें सांगणारा कागद घरांतील दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा, तो ह्यासाठीं.

काकू अखेर माझ्याबरोबर आल्या. वाटीचें अस्तर एका बाजूस झिजलेलें व हाडांत लहानशी पोकळी आढळली. पण वाटी पक्की होती. “आतां नुसतें अस्तर बदलून भागेल, आणखी कांहीं वर्षें थांबलां असतां तर तसें सांगतां आलें नसतें,” असें डॉक्टर म्हणाले.

ज्यांच्या घरीं असा सांधा घेऊन हिंडणारें वडील माणूस आहे, त्यांनीं डॉक्टरांनीं ठरवून दिलेली तपासणी चुकवूं नये. दुखण्याची वाट पाहणें हें येथें शहाणपण नव्हे.