फासे नसलेला पट

बुद्धिबळाने बुद्धी तल्लख होते, दूरदृष्टी येते, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते तपासून पाहावे असे वाटतच नाही. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९२४) या कथेत मात्र त्याची परखड तपासणी आहे. लखनौचे मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली पटावरच्या पुढच्या खेळ्या हेरण्यात निष्णात आहेत. पण १८५६ मध्ये कंपनी सरकार अवध गिळंकृत करते, जिवंत बादशहा कैद होतो, तेव्हाही त्यांना चिंता असते ती लाकडी राजाची. दूरदृष्टी चौसष्ट घरांबाहेर आपोआप पाऊल टाकत नाही, हेच खरे.

मग या खेळातून शिकण्यासारखे काय उरते? निव्वळ गणनाशक्ती नव्हे. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवले. त्यानंतर ती माणसाची मिरासदारी राहिली नाही. माझ्या मते उरते ती जबाबदारी. सारीपाटात फासे असतात. हरणाऱ्याला दैवाकडे बोट दाखवता येते. बुद्धिबळात दोन्हीकडचे बळ समान, सारा पट उघडा, आणि स्पर्धेत तर हात लावलेले मोहरे खेळावेच लागते. चूक झाली तर ती केवळ आपली. डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याशेजारीच बसून ती नेमकी कुठे झाली हे शोधण्याची या खेळात प्रथा आहे. मला ती विजयाहून मोलाची वाटते.

आयुष्याचा पट असा उघडा नसतो आणि तेथे फासेही पडत असतात. म्हणूनच ‘जीवन म्हणजे बुद्धिबळ’ ही लाडकी उपमा फसवी आहे. परंतु जेथे दैवाचा वाटा शून्य असतो अशा जागी आपल्या चुका मोजायची सवय लागली, तर इतरत्रही आपला वाटा दैवाच्या नावावर खपवणे जड जाते. साहित्याच्या अभ्यासकालाही या सवयीची गरज आहे. आपले वाचन चुकले, हे मान्य करणे आपल्याला तरी कुठे सोपे जाते?

मीर आणि मिर्झा यांचा अखेरचा तंटा खेळी मागे घेण्यावरून पेटतो आणि दोघेही एकमेकांच्या तलवारीने मरतात. राज्य बुडाल्याचे दुःख त्यांना नव्हतेच. पण आयुष्यभर खेळूनही त्या खेळाचा पहिला धडा त्यांनी घेतला नव्हता.