मोठा खेळाडू कोण? जरा आम्हालाही विचारा!

परवा रविवारी रात्री आमच्याकडे लाइट गेली. टीव्हीवरची मॅच अर्ध्यात राहिली आणि घरातली पुरुषमंडळी ओट्यावर येऊन बसली. मॅच नाही तर मॅचच्या गप्पा तरी! बोलता बोलता विषय निघाला, आजवरचा जगातला सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? एका खेळातला नव्हे, सगळे खेळ मिळून.

झालं, रण पेटलं. भावजींनी ब्रॅडमन काढला. कसोटीत ९९.९४ ची सरासरी, पुढं बोलायचं कामच नाही म्हणाले. ह्यांचा जीव सचिनवर, शंभर आंतरराष्ट्रीय शतकं कुणी केली ते सांगा! शेजारचे काका जुने, ते ध्यानचंद सोडायला तयार नाहीत, १९२८, १९३२ आणि १९३६, तीन ऑलिंपिकची तीन सुवर्णं. पुतण्याच्या तोंडी बोल्ट आणि फेल्प्स. बोल्टचे शंभर मीटर ९.५८ सेकंदांत, २००९ साली, बर्लिनला. फेल्प्सची २८ ऑलिंपिक पदकं, त्यातली २३ सोन्याची. मग पेले झाला, अली झाला. मी आणि जाऊबाई चहाचे कप घेऊन बाहेर आलो तेव्हा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

सासूबाई एका कडेला लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘‘एवढी नावं घेतली, त्यात बाई एकबी नाही का रे?’’

क्षणभर सगळे गप्प. मग भावजी हसून म्हणाले, ‘‘आई, बायकांचं वेगळं असतं गं.’’

मैत्रिणींनो, हे ‘वेगळं असतं’ माझ्या डोक्यातून काही जाईना. रात्री भांडी आवरतानाही तेच. वेगळं म्हणजे काय? कमी? मग मनाशीच म्हटलं, चला, आपणही जरा हिशेब मांडू. महिन्याचा खर्च मांडतो तसा, शांतपणे.

पहिली अडचण अशी की वेगवेगळ्या खेळांची तुलना करायची कशी? पुरणपोळी श्रेष्ठ की थालीपीठ, तसलाच हा प्रकार. ब्रॅडमनला कुणी पोहायला लावलं नाही आणि फेल्प्सला कुणी बॅट दिली नाही. मग एक माप उरतं, ते म्हणजे आपल्या काळातल्या इतरांपेक्षा हा माणूस किती पुढं होता? भावजींचंही म्हणणं तेच होतं. ठीक आहे, हेच माप घेऊ.

या मापानं सोव्हिएत संघाची लारिसा लातिनीना पाहा. जिम्नॅस्टिक्समध्ये १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये तिनं १८ पदकं मिळवली, त्यातली ९ सुवर्ण. एवढी पदकं जगात कुणाही स्त्री-पुरुषाकडे नव्हती. हा विक्रम मोडला २०१२ साली, फेल्प्सनं. म्हणजे ४८ वर्षं तो एका बाईच्या नावावर होता! फेल्प्सची २८ पदकं आमच्या पुतण्याला पाठ. पण त्यानं कुणाला मागं टाकलं ते ठाऊक नाही. आणि १९५८ च्या जागतिक स्पर्धेत लातिनीनानं सहापैकी पाच सुवर्णं जिंकली, तेव्हा ती गर्भवती होती.

पण माझं मत लातिनीनाला नाही. माझं मत हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएनला. का, ते सांगते.

फॅनी अठरा वर्षांची असताना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेली. पदक मिळालं नाही. जेसी ओवेन्सची सही मात्र घेऊन आली. पुढची दोन ऑलिंपिकं, १९४० आणि १९४४ ची, महायुद्धानं खाल्ली. धावणाऱ्या पायांची ऐन उमेदीची वर्षं ती. त्याच काळात तिचा देश जर्मनांच्या ताब्यात गेला, तिला दोन मुलं झाली. १९४३ साली, अशा दिवसांत, तिनं उंच उडीत १.७१ मीटर आणि लांब उडीत ६.२५ मीटर असे जागतिक विक्रम केले.

१९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिक भरलं तेव्हा फॅनी तीस वर्षांची होती. हिचं वय झालं, असं काही जाणकारांनी सांगून टाकलं. लेकरं सोडून ही चड्डी घालून पळते काय, अशी पत्रंही तिला लोकांनी लिहिली. (हॉलंड असो की आपलं गाव, पत्र लिहिणारे सगळीकडे असतात!) लंडनला मध्येच ती मुलांच्या आठवणीनं रडकुंडीला आली, घरी जाते म्हणाली. नवऱ्यानं, तोच तिचा प्रशिक्षक, समजूत काढली. मग तिनं काय केलं? १०० मीटर, सुवर्ण. ८० मीटर अडथळा शर्यत, सुवर्ण. २०० मीटर, दुसरीला सात दशांश सेकंदांनी मागं टाकून सुवर्ण. आणि रिलेत शेवटची धाव तिची. बॅटन हातात आलं तेव्हा हॉलंड मागं होतं, रेषेवर पहिलं होतं. चार शर्यती, चार सुवर्णं.

आता गंमत ऐका. बाईनं वैयक्तिक तीनच प्रकारांत उतरायचं, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे उंच उडी आणि लांब उडीत ती उतरलीच नाही. त्या दोन्ही उड्यांची सुवर्णपदकं त्या वर्षी तिच्या स्वतःच्या जागतिक विक्रमापेक्षा कमी अंतरावर गेली. बाईच्या पायात बळ होतं, नियमात जागा नव्हती.

आणि भावजी, हे खास तुमच्यासाठी. फॅनीचं चौथं सुवर्ण ७ ऑगस्ट १९४८ चं. बरोबर आठवड्यानं, १४ ऑगस्टला, त्याच लंडनमध्ये ओव्हलच्या मैदानावर तुमचा ब्रॅडमन शेवटच्या डावात शून्यावर बाद झाला. चार धावा झाल्या असत्या तर सरासरी शंभर होती. ते शून्य क्रिकेट बघणाऱ्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच शहरातली, त्याच महिन्यातली ही चार सुवर्णं मात्र आपल्याला कुणी सांगितली नाहीत.

घरी परतल्यावर ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या बग्गीतून फॅनीची मिरवणूक निघाली. शेजाऱ्यांनी तिला सायकल भेट दिली, आता इतकं पळायला नको म्हणून! वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं ‘उडती गृहिणी’. मला हे नाव आवडलंही आणि खुपलंही. कौतुक होतं, पण त्या कौतुकाला दोरी बांधलेली होती. ब्रॅडमनला कुणी ‘धावा काढणारा बाप’ म्हटलं का? १९९९ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं तिला शतकातली सर्वश्रेष्ठ महिला ॲथलीट ठरवलं, तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती.

बाई आई झाली तरच तिचं मोठेपण, असं मला म्हणायचं नाही हं. ते आणखी एक ओझं. अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सनला मूलबाळ नव्हतं. १९३२ ला भालाफेक आणि अडथळा शर्यतीत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. पुढं गोल्फमध्ये गेली तर तिथंही अव्वल. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरानं, १९५४ ला, ती अमेरिकन ओपन जिंकली. आपली मेरी कोम सहा वेळा जगज्जेती. पण बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलंच २०१२ साली. तोवर ती पाच वेळा जगज्जेती होऊन बसली होती, आणि जुळ्या मुलांची आईही.

म्हणजे माप एकच लावायचं, तर मैदानही एकच पाहिजे ना? १९२८ ला बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण बायकांना हे झेपत नाही म्हणून गवगवा झाला आणि ती शर्यत बंद झाली, थेट १९६० पर्यंत. बायकांची मॅरेथॉन आली १९८४ ला. तीन हजार मीटरची स्टीपलचेस २००८ ला. आठ वर्षांनी, २०१६ ला, रिओत त्याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत आपली ललिता बाबर धावली, साताऱ्याकडच्या माणदेशातल्या दुष्काळी भागातली. दहावी आली. शर्यतच नसती तर ती तरी कुठं पळाली असती?

हे सगळं मी का सांगत बसले? ऐका. माझी पुतणी नववीत आहे. तालुक्याला ८०० मीटरमध्ये पहिली आली. आता जिल्ह्याला जायचंय, एक रात्र मुक्काम आहे. गेले आठ दिवस घरात चर्चा चालू आहे, पाठवायचं की नाही. सोबत कोण, चाचणी परीक्षा जवळ आली, उन्हानं काळी पडेल. भावजींची काळजी मला कळते. रात्रीचा मुक्काम म्हटल्यावर आईबापाच्या पोटात गोळा येतोच. पण त्या रात्री ओट्यावर मी एवढंच विचारलं, ‘‘भावजी, बोल्टचं ९.५८ तुम्हाला पाठ. आपल्या पोरीनं ८०० मीटर किती वेळात मारली?’’

कुणालाच माहीत नव्हतं. भावजींना नाही, ह्यांना नाही. आणि खरं सांगते, विचारेपर्यंत मलाही नव्हतं. जाऊबाईंना तेवढं माहीत होतं. त्या पदर सावरत हळूच म्हणाल्या, ‘‘दोन मिनिटं एक्केचाळीस.’’

म्हणून मैत्रिणींनो, जगातला मोठा खेळाडू कोण हा वाद खुशाल घाला, मलाही आवडतो. माझं मत फॅनीला, तुमचं कुणाला ते ठरवा. पण वाद घालताना त्यात बायकांची नावं हक्कानं घ्या, आकड्यांसकट घ्या. ती नावं कानावर पडली तर आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली पोर ऐकत असते.

जिल्ह्याला तिच्यासोबत मी आणि जाऊबाई जाणार आहोत. भावजींनी काल स्वतःच एसटीची वेळ विचारून आणली. दोन दिवस स्वयंपाकाचं काय, असं ह्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी शिकवते की तुला.’’